दोर आधीच कापलेला असतो : स्ट्रॅटेजी गेममधला पॅराट्रूपर आणि खरा पॅराट्रूपर

गेल्या डिसेंबरात दादरला बहिणीकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तेरा वर्षांचा भाचा संगणकावर दुसऱ्या महायुद्धावरचा एक गेम खेळत बसला होता. नदीवरचा पूल शत्रूच्या ताब्यात होता. भाच्याने पडद्याच्या कोपऱ्यातल्या हवाईछत्रीच्या चिन्हावर टिचकी मारली, पुलाच्या अगदी शेजारी एक वर्तुळ ठेवले, आणि काही सेकंदांत विमान येऊन सहा सैनिक त्या वर्तुळात अलगद उतरले. पूल त्याचा झाला. त्याच सुमारास १९७१ च्या युद्धाच्या आठवणींसोबत दरवर्षी फिरणारे, आकाशभर हवाईछत्र्या पसरलेले छायाचित्र मेहुण्यांच्या मोबाइलवर आले. ते पाहून भाच्याने अगदी सरळपणे विचारले, "बाबा, यांना उतरवायला किती पॉइंट लागले?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. युद्धावरचे गेम खेळणाऱ्या पुष्कळ मुलांना आणि मोठ्यांनाही पॅराट्रूपर हा शब्द गेममधूनच भेटतो, त्यामुळे त्या सैनिकाच्या धैर्याविषयीची त्यांची कल्पनाही गेमच्या नियमांनीच घडवलेली असते. ती कितपत खरी असते, ती कोठे चुकते आणि कोठे अनपेक्षितपणे बरोबर येते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी खऱ्या पॅराट्रूपरचे काम समजून घ्यावे लागते.

## उडी ही लढाई नव्हे

पॅराट्रूपर म्हणजे विमानातून हवाईछत्रीने शत्रूच्या पिछाडीस उतरणारा पायदळाचा सैनिक. युद्धात मोठ्या संख्येने उतरताना त्याची छत्री बहुधा तो स्वतः उघडत नाही. छत्रीच्या आवरणाला बांधलेला पट्टा विमानातल्या तारेत अडकवलेला असतो, सैनिक दाराबाहेर पडला की त्याच्याच वजनाने तो पट्टा ताणला जातो आणि छत्री बाहेर खेचली जाते. चित्रांत दिसणारे, आकाशात बराच वेळ तरंगत राहण्याचे प्रकरण येथे नसते. उडी दोनअडीचशे मीटरांच्या आसपासच्या उंचीवरून मारली जाते, कारण हवेत जितका वेळ जास्त, तितका वेळ खालच्या बंदुकांना नेम धरायला मिळतो. भारतात याचे प्रशिक्षण आग्र्याच्या शाळेत होते आणि पाच उड्या पूर्ण केल्यावर सैनिकाच्या छातीवर पंखांचे चिन्ह लागते.

तथापि उडी हा या सैनिकाच्या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. ती लढाईला पोहोचण्याची एक रीत आहे, इतकेच. जमिनीला पाय लागल्यानंतर तो पायदळाचा सैनिकच असतो, आणि तोही उणेपणाने भरलेला : मागे तोफखाना नाही, रणगाडे नाहीत, रसद आणणारी मोटार नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे चटकन समजेल. पाठीवरच्या पिशवीत दोन बाटल्या पाणी असेल तर ते दोन बाटल्याच असते, वरच्या पठारावर टपरी नसते. पॅराट्रूपरचा दारूगोळा, औषध आणि अन्न यांचा हिशेब असाच असतो, आणि म्हणून त्याच्या प्रत्येक मोहिमेत एक घड्याळ दडलेले असते : जमिनीवरून येणारी आपली फौज त्याच्यापर्यंत किती तासांत पोहोचणार? ही गाठ वेळेत पडली तर मोहीम यशस्वी होते, आणि पडली नाही तर उतरलेले सगळे लोक मारले जातात किंवा कैद होतात. याहून तिसरी वाट क्वचितच निघते.

## एका सेकंदाची किंमत

दादरला गाडी थांबते त्या अर्ध्या मिनिटात आख्खा डबा कसा रिकामा होतो, हे मुंबईकराला सांगायला नको. दारात कोणी एक जण घुटमळला तर मागचे लोक त्याला घेऊनच खाली येतात. आता अशी कल्पना करा की गाडी थांबतच नाही, ताशी १८० किलोमीटर वेगाने फलाटावरून निघून चालली आहे आणि अठरा जणांनी एकामागून एक उतरायचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील डकोटा विमान उडीच्या वेळी साधारण याच वेगाने जात असे. म्हणजे एका सेकंदाला पन्नास मीटर. दोन सैनिकांच्या मध्ये एकच सेकंद गेला तरी पहिला आणि अठरावा यांच्यात साडेआठशे मीटरांचे अंतर पडते. कोणाचा पट्टा दारात अडकला आणि चार सेकंद गेले, तर आणखी दोनशे मीटर. खाली येताना तीसपस्तीस सेकंद वाऱ्याच्या हवाली असतात आणि साधा वारासुद्धा दीडशे मीटर बाजूला नेऊन सोडतो. हे सगळे वैमानिक नेमका ठरलेल्या जागेवर आहे, असे गृहीत धरून.

६ जून १९४४ च्या पहाटे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडीत हे गृहीतकच कोसळले. ढग आणि विमानवेधी तोफांचा मारा यांमुळे विमानांच्या रांगा फुटल्या आणि अमेरिकेच्या ८२ व्या व १०१ व्या हवाई डिव्हिजनचे (डिव्हिजन म्हणजे अनेक बटालियनांची मिळून झालेली मोठी फौज) सैनिक अंधारात मैलोगणती विखुरले. काही जण जर्मनांनी मुद्दाम पाण्याखाली घातलेल्या शेतांत उतरले आणि अंगावरच्या ओझ्यामुळे तिथेच बुडाले. १०१ व्या डिव्हिजनच्या सैनिकांना एकमेकांना ओळखता यावे म्हणून पितळेची 'टिक-टिक' वाजणारी खेळणी दिली होती, यावरून त्या रात्रीची अवस्था कळावी. ब्रिटिशांच्या ९ व्या पॅराशूट बटालियनने मेर्व्हिल येथील तोफांचा मोर्चा घ्यायचा होता. सुमारे ६०० जणांपैकी वेळेवर जमले ते १५० च्या आसपास. त्यांनी त्या १५० जणांनिशीच हल्ला केला.

## मग गेममध्ये ते वर्तुळातच कसे उतरतात?

याचे उत्तर बुद्धिबळाच्या पटावर आहे. बुद्धिबळात घोडा एकटाच इतरांच्या डोक्यावरून उडी मारतो, आणि त्याची सारी गंमत या गोष्टीत असते की अडीच घरांची ती उडी हुकमी असते. स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे ज्यात खेळणारा एका सैनिकाच्या नव्हे तर सेनापतीच्या जागी बसून अनेक तुकड्या हलवतो तो गेम, पॅराट्रूपरला बहुतेक वेळा असाच घोडा बनवतो. २००० साली आलेल्या 'कमांड अँड कॉन्कर : रेड अलर्ट २' मध्ये अमेरिकेच्या बाजूने खेळणाऱ्याला ठराविक मिनिटांनी आठ सैनिक फुकट मिळतात आणि नकाशावर दाखवाल तेथे उतरतात. २००६ च्या 'कंपनी ऑफ हीरोज' मध्ये हाच प्रकार अधिक गंभीरपणे येतो. तेथे हवाई तुकड्यांची वेगळी शाखा निवडता येते आणि तिच्यासाठी मनुष्यबळ खर्ची पडते, पण मुळातली कल्पना तीच राहते, की पॅराट्रूपर म्हणजे अचूक पोहोचणारी कुमक.

गेम बनवणाऱ्यांची यात अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. खेळणाऱ्याने विचार करून टाकलेला डाव केवळ नशिबाने उधळला, तर तो दुसऱ्यांदा तो डाव टाकणार नाही. पण हुकमीपणा देताना एक गोष्ट हातातून निसटते. धैर्याला अर्थ असतो तो अनिश्चिततेमुळे. ज्या सैनिकाला आपण कोठे उतरणार, आपले सोबती भेटणार की नाही, आणि मदत येणार की नाही यांपैकी काहीच माहीत नसते, त्याने दाराबाहेर पाऊल टाकणे हे धैर्य. ज्याचे उतरणे हुकमी आहे त्याने उतरणे ही वाहतूक झाली. गेम पॅराट्रूपरला जास्त शूर दाखवतात असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मला उलट वाटते : ते त्याच्यापुढची अनिश्चितता काढून घेतात आणि मग शौर्य दाखवायला जागाच उरत नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो संगणकावरचा नसून टेबलावरचा आहे. २००४ सालच्या 'मेमॉयर ४४' या पटावरच्या खेळात नॉर्मंडीतील सेंत-मेर-एग्लीझ या गावाचा एक डाव आहे. त्यात दोस्त राष्ट्रांच्या, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या, बाजूचा खेळाडू चार प्लास्टिकचे सैनिक मुठीत धरतो आणि पटाच्या साधारण फूटभर वरून खरोखर खाली सोडतो. पटावर जो जेथे पडेल तेथे तो उतरला, आणि जो पटाबाहेर गेला तो गेला. कॅरमच्या सोंगट्या हातातून सांडाव्यात तसे ते सैनिक सांडतात. पानेच्या पाने समजावून जे कळणार नाही ते या एका नियमाने कळते, आणि त्यासाठी विजेचा एक युनिटही लागत नाही.

## धैर्याचा आकडा

संगणकाला आकड्याखेरीज काही कळत नाही, म्हणून गेममध्ये धैर्यही आकडाच होते. त्याला सामान्यतः 'मोराल' म्हणतात : गोळीबारात तुकडी किती वेळ टिकेल आणि कधी दबून बसेल किंवा पळेल, याचे माप. पॅराट्रूपरचे हे माप इतर पायदळापेक्षा जास्त ठेवलेले असते. 'कंपनी ऑफ हीरोज' मध्ये तर त्यांच्यासाठी वेगळे बटणच आहे. ते दाबले की मशीनगनच्या माऱ्याखाली दबलेली तुकडी उठून धावू लागते, आणि थोड्या वेळाने थकते. थकवा ठेवला हे मला विशेष आवडले, कारण धैर्य हे खर्च होणारे द्रव्य आहे ही समज त्यात दिसते. तरीही ते बटण दाबतो तो खेळाडू. धैर्य कधी करायचे हे सैनिक ठरवत नाही.

या बाबतीत जुन्या 'क्लोज कॉम्बॅट' मालिकेने बरीच वेगळी वाट धरली होती. तिचा १९९७ सालचा दुसरा भाग नेदरलँड्समधील आर्नहेमच्या पुलासाठी झालेल्या मोहिमेवरच होता. त्यात प्रत्येक सैनिकाच्या मनाची स्वतंत्र नोंद चालू असते, आणि तुम्ही पुढे जायचा हुकूम दिला तरी घाबरलेला सैनिक जागेवरून हलत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हा दोष वाटतो. दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात येते की हुकूम मोडण्याची मुभा असलेला सैनिक जेव्हा हुकूम पाळतो, तेव्हाच त्याच्या पाळण्याला किंमत असते.

आपल्याकडे 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार सिंहगडाच्या कथेतून आला. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकल्याचे सांगितले आणि ते उलटून लढले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत दोर आधी होते आणि नंतर कापले गेले. पॅराट्रूपर मात्र विमानात चढतो तेव्हाच त्याचा दोर कापलेला असतो, आणि हे त्याला ठाऊक असते. शिवाय या कामासाठी तो स्वतः पुढे आलेला असतो, कारण बहुतेक सैन्यांत पॅराट्रूपर स्वेच्छेने भरती होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जवानाला उडीचे महिना ५० डॉलर जादा मिळत, म्हणजे साध्या शिपायाच्या मूळ पगाराइतके. पैशासाठी काही जण आले असतील, हे त्यांनी स्वतःही नाकारलेले नाही.

## आर्नहेम : थांबण्याचे शौर्य

ज्या हवाई मोहिमांवर गेम निघाले त्यांतली ही एक. १७ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्तांनी नेदरलँड्समध्ये तीन हवाई डिव्हिजन उतरवायला सुरुवात केली. बेत असा होता की पॅराट्रूपरांनी ओळीने पूल घ्यायचे आणि जमिनीवरून रणगाड्यांच्या फौजेने जवळपास शंभर किलोमीटर आत शिरून शेवटच्या, म्हणजे ऱ्हाइनवरच्या आर्नहेमच्या पुलापर्यंत पोहोचायचे. ब्रिटिशांच्या पहिल्या हवाई डिव्हिजनने हा पूल ४८ तास धरून ठेवावा, अशी अपेक्षा होती. उतरण्याच्या जागा पुलापासून दहाबारा किलोमीटर दूर होत्या. त्या भागात हिटलरच्या एसएस दलाच्या दोन पँझर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजन विश्रांती घेत होत्या. पुलापर्यंत पोहोचली ती मुख्यतः जॉन फ्रॉस्ट यांची बटालियन आणि काही इतर, मिळून सुमारे ७४० माणसे. एका डिव्हिजनने दोन दिवस करायचे काम या मूठभर लोकांनी तीन दिवस आणि चार रात्री केले. २१ तारखेच्या सकाळी त्यांचा प्रतिकार संपला, तोपर्यंत मदत आली नव्हती.

गेम खेळणाऱ्याने येथे एक गोष्ट नीट पाहावी. पडद्यावर त्याला सगळी लढाई वरून दिसते. या डिव्हिजनचे सेनापती रॉय अर्कर्ट यांना मात्र आपल्याच बटालियन कोठे आहेत हे कळत नव्हते, कारण बिनतारी संच चालत नव्हते. ते शोधायला स्वतः बाहेर पडले आणि जर्मनांनी वेढलेल्या रस्त्यावरच्या एका घराच्या माळ्यावर रात्रभर अडकून राहिले. कल्पना करा, की गेम सुरू आहे आणि तुमचा पडदा एका रात्रीपुरता काळा झाला आहे. पोलिश पॅराशूट ब्रिगेडला धुक्यामुळे इंग्लंडमधून निघायलाच २१ तारीख उजाडली. विमानांनी टाकलेली रसद मोठ्या प्रमाणात जर्मनांच्या हाती पडली, कारण ठरलेल्या जागा त्यांनी आधीच घेतल्या होत्या आणि वैमानिकांना तसे कळवण्याचा मार्ग नव्हता. नदीच्या उत्तरेस गेलेल्या सुमारे दहा हजारांपैकी परत आले ते चोवीसशेच्या आसपास.

या लढाईत एक भारतीय धागाही आहे. १५६ वी पॅराशूट बटालियन १९४१ मध्ये दिल्लीत, भारतातल्या ब्रिटिश सैनिकांमधून उभी राहिली होती. आर्नहेममध्ये ती जवळजवळ संपली.

गेममध्ये थांबणे दाखवणे फार अवघड असते. हल्ला दिसतो, आवाज होतो, गुण मिळतात. तळघरात जखमी सोबत्याशेजारी बसून, दोन काडतुसे उरली असताना, रणगाड्यांचा आवाज आपल्यांचा आहे की शत्रूचा हे ऐकत राहणे दाखवायला गेमकडे काहीच नसते. फार तर एक घड्याळ असते. पण ते घड्याळ जर खरे असेल, म्हणजे कुमक कधी येणार हे खेळाडूला आधी कळत नसेल, तर त्या अवस्थेचा थोडा तरी अंश त्याच्यापर्यंत पोहोचतो.

## टांगाईल : नकाशावर न दिसणारी माणसे

भाच्याने ज्या छायाचित्रावरून विचारले, ते जिच्याशी जोडले जाते ती मोहीम ही. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली भारताची २ पॅरा बटालियन, सुमारे ७०० सैनिक, आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ उतरली. मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी बाब म्हणजे ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती २ पॅरा झाली. तिने पूंगली पूल घ्यायचा होता, कारण उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट त्यावरून जात होती. जमिनीवरून तिच्या भेटीला येत होती ती १ मराठा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे मूळच्या एकाच घराण्यातील दोन पलटणी पुलाशी भेटायच्या होत्या, आणि त्या भेटल्याही. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली.

आर्नहेम फसले आणि टांगाईल साधले, याचे उत्तर शौर्याच्या कमीजास्तपणात शोधणे अन्यायाचे होईल. उत्तर घड्याळात आहे. टांगाईलला पायदळ जवळ आले होते, आकाशावर भारतीय हवाई दलाची पकड होती आणि समोरचे सैन्य माघार घेत होते. आणखी एक कारण होते, जे गेममध्ये कधीच दिसत नाही : स्थानिक माणसे. कादर सिद्दिकी यांची मुक्तिवाहिनी, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी स्थानिक फौज, त्या भागात पाय रोवून होती, आणि उतरलेल्या सैनिकांचे सामान वाहायला, वाट दाखवायला गावकरी धावून आले. गेमच्या नकाशावर घरे असतात, शेते असतात, पण घरात कोणी राहत नाही. त्यामुळे पॅराट्रूपर तेथे जितका एकटा असतो तितका तो टांगाईलला नव्हता. आर्नहेममध्येही डच कुटुंबांनी जखमी सैनिकांसाठी घरे मोकळी केली, त्या घरांवर पुढे काय ओढवू शकते हे माहीत असूनही.

अफवेचे बळ हीदेखील अशीच न दिसणारी गोष्ट. टांगाईलला सातशे माणसे उतरली होती, पण बातम्यांत आख्खी ब्रिगेड, पाच हजार सैनिक, अशी संख्या गेली. सोबत प्रसिद्ध झालेले छायाचित्र आधीच्या एका सरावाचे होते. ढाक्यातील पाकिस्तानी सेनानींच्या मनावर त्याचा जो परिणाम झाला असेल तो कोणत्याही गेमच्या गुणसंख्येत बसवता येणार नाही. नॉर्मंडीतही विखुरलेल्या सैनिकांमुळे जर्मनांना नेमके किती लोक कोठे उतरले हे कळेना. म्हणजे विखुरणे हे नुसते नुकसान नव्हते, ते शत्रूच्या गोंधळाचे कारणही होते, आणि चांगल्या गेमने ही दुसरी बाजूही नियमात आणायला हवी.

## "पॅराट्रूपर श्रेष्ठ असतातच, मग आकडे जास्त दिले तर बिघडले कोठे?"

काही प्रमाणात हे मान्य करावे लागेल. स्वेच्छेने आलेली, कठोर निवडीतून गेलेली माणसे सरासरीपेक्षा चिवट असणारच. बिघडते ते असे, की बहुतेक गेम त्यांना मनानेही वरचढ करतात आणि शस्त्रांनीही. प्रत्यक्षात यांतील दुसरा भाग उलटा होता. २० मे १९४१ रोजी ग्रीसच्या क्रीट बेटावर जर्मन पॅराट्रूपर उतरले तेव्हा बहुतेकांच्या रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेट्यांतून टाकल्या गेल्या होत्या, आणि पेटी सापडेपर्यंत हातात पिस्तूल व हातबॉम्ब. मालेमे विमानतळाजवळ उतरलेल्या एका बटालियनच्या सुमारे ६०० पैकी ४०० जण पहिल्याच दिवशी मारले गेले. बेट जर्मनांनी घेतले, पण हिटलरने यानंतर एवढ्या मोठ्या हवाई मोहिमा थांबवल्या. त्याच लढाईकडे पाहून दोस्तांनी मात्र आपल्या हवाई डिव्हिजन वाढवल्या. एकाच अनुभवातून दोन पक्षांनी दोन धडे घेतले.

आपल्या ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची गोष्ट याहून बोलकी आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक येथे ही ब्रिगेड लढली ती पायदळ म्हणून, हवेतून न उतरता. खडकाळ जमिनीत नीट खंदक खणता येत नव्हते, काटेरी तार नव्हती, पाण्याचे हाल होते आणि विमानांनी टाकलेली बरीच रसद जपानी बाजूला पडत होती. तरीही त्यांनी कित्येक दिवस ती टेकडी धरून ठेवली आणि कोहिमा-इंफाळकडे निघालेल्या जपान्यांचा मोलाचा वेळ खाल्ला. एकाही छत्रीचे चित्र नसलेली ही लढाई गेम बनवणाऱ्यांना मोहात पाडणार नाही, हे उघड आहे. तसेच ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे. कोरियाच्या युद्धात गेलेल्या या भारतीय वैद्यकीय तुकडीचे काही जण लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्यासह मार्च १९५१ मध्ये अमेरिकी पॅराट्रूपरांबरोबर मुनसान-नी येथे उतरले, ते मारण्यासाठी नव्हे, जखमींसाठी. गेममध्ये त्यांच्यासाठी फार तर लाल क्रॉसचे एक चिन्ह असते.

## "इतके खरे दाखवले तर खेळणार कोण?"

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. गेम हा शेवटी गेम आहे. माझे म्हणणे एवढेच, की खरेपणा म्हणजे रक्त आणि धूर नव्हे, तो नियमांत असतो. २०१६ च्या 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' मध्ये पडद्यावर एकही सैनिक दाराबाहेर पडताना बारकाईने दिसत नाही, सगळा खेळ नकाशावरच्या रंगांचा. पण तेथे पॅराट्रूपर उतरवायचे तर विमानतळ, वाहतुकीची विमाने आणि आकाशावर वर्चस्व यांची आधी तजवीज करावी लागते, आणि उतरलेल्यांना रसद मिळाली नाही तर ते झिजत जातात. म्हणजे सेनापतीची जबाबदारी त्यात बरीच नीट येते. सैनिकाचे धैर्य येत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. कित्येक खेळाडू त्याच गेममध्ये शत्रूच्या मोक्याच्या शहरांवर पॅराट्रूपर टाकून लढाई झटपट संपवण्याची युक्ती वापरतात, हा भाग वेगळा.

## "मुलांना युद्ध म्हणजे गंमत वाटणार नाही का?"

बहिणीची चिंता हीच होती, आणि ती रास्त आहे. माझ्या मते मुलाला युद्धाची गोडी लागण्यापेक्षा, माणसे खर्च करण्याची सवय लागण्याकडे लक्ष द्यावे. मनुष्यबळाचा आकडा कमी झाला की तो पुन्हा भरतो, हे गेमचे सर्वांत मोठे असत्य आहे. १९५४ च्या वसंतात व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंचांची हार दिसू लागली होती, आणि तरीही शेकडो सैनिक, ज्यांनी आयुष्यात एकदाही उडी मारली नव्हती असे, स्वेच्छेने रात्री त्या वेढ्यात उतरले. ७ मे रोजी ठाणे पडले. ज्या साम्राज्यासाठी ते लढत होते त्याची बाजू मला न्याय्य वाटत नाही, पण गेममध्ये कोणताही शहाणा खेळाडू हरलेल्या मोर्च्यावर कुमक पाठवणार नाही, आणि ही माणसे मात्र आत वेढलेल्या सोबत्यांसाठी गेली. गेमच्या हिशेबात न बसणारी ही गोष्ट मुलांना सांगितली, तर गेम बंद करण्याची गरज पडत नाही असा माझा अनुभव आहे.

भाच्याला मी त्या रात्री इतके सगळे सांगितले नाही. बुद्धिबळाचा पट काढला आणि एक नियम बदलला : घोडा चालवायचा तर तो बोटांत धरून पटाच्या वर फूटभर उंचीवरून सोडायचा, पडेल ते घर त्याचे, पटाबाहेर गेला तर बाद. पहिल्या डावात दोघांनीही घोडे उत्साहाने टाकले आणि चारांपैकी तीन सोफ्याखाली गेले. दुसऱ्या डावात कोणी घोड्याला हात लावला नाही. तिसऱ्या डावात त्याचा वजीर गेला, राजा कोपऱ्यात सापडला, तेव्हा बराच वेळ पटाकडे पाहत बसून त्याने घोडा उचलला, आणि सोडण्याआधी मला विचारले की पडला तिथे तो किती चाली टिकेल.